कॉप्टिक मंत्रांचा कागद कसा वाचावा: घरबसल्या अभ्यास करणाऱ्यांसाठी

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हे मंत्र लागू पडतात का, एवढंच विचारायचं असेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका. समोरच्या काकूंनी ताप उतरायचा एखादा मंत्र मागितला होता, त्यांना मी क्रोसिन दिली. पण हजार-बाराशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये कुणीतरी लिहिलेला ताईत किंवा मंत्रांची वही नीट वाचावी, ती कुणी, कशासाठी, कुठून बघून लिहिली हे शोधावं अशी खुमखुमी असेल, तर त्याची वाट सांगता येईल. माझं पोट मोडीवर चालतं. वाटणीपत्रं, गहाणखतं, इनामाचे कागद लोक घेऊन येतात, मी वाचून देते. कॉप्टिक हा संध्याकाळचा उद्योग. त्यामुळे माझी पद्धत कागद वाचणाऱ्या बाईची आहे, प्राध्यापकाची नाही, आणि तिचा नियम एकच: मंत्राचा अर्थ सगळ्यात शेवटी. आधी कागद, मग अक्षर, मग शब्द.

ज्यांना अजिबात माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉप्टिक म्हणजे फेरोंच्या इजिप्शियन भाषेचंच शेवटचं रूप. लिपी ग्रीक, वर ग्रीकमध्ये नसलेल्या ध्वनींसाठी जुन्या डेमोटिक लिपीतून उचललेली सहा-सात अक्षरं. पुढे बोलण्यात अरबी आली आणि कॉप्टिक चर्चच्या प्रार्थनेपुरती उरली. मंत्रांचे कागद साधारण चौथ्या ते बाराव्या शतकातले. पपायरस (लव्हाळ्यासारख्या झाडाच्या पट्ट्यांचा कागद), चर्मपत्र, चामडं, खापऱ्या, उशिरा उशिरा कागदसुद्धा. विषय आपल्याला अनोळखी नाहीत: ताप, विंचू-साप, पोटदुखी, वशीकरण, शत्रूचं वाटोळं, दुकानात गिऱ्हाईक यावं, आणि माझा आवडता, गायकाचा गळा गोड व्हावा.

भाषेची तयारी

सहिदिक बोलीपासून सुरुवात करा. बोहैरिक नको, ती आजच्या चर्चची बोली आहे आणि शिकवणीचे व्हिडिओ तिचेच जास्त मिळतात, म्हणून माणूस तिकडे वळतो. जुने मंत्र बहुतांशी सहिदिकमध्ये किंवा सहिदिकला फय्यूमकडचा हेल लागलेल्या भाषेत आहेत. लॅम्बडिन यांचं १९८३ चं व्याकरण एकट्याने शिकणाऱ्याला पुरतं. रोज एक तास दिला तर वर्षभरात साधं गद्य वाचता येतं. पुण्या-मुंबईत क्लास शोधत बसू नका. त्यापेक्षा मॅक्सम्युलर भवनात जर्मनचं नाव नोंदवा, कारण जुनं संशोधन निम्म्याहून जास्त जर्मनमध्ये आहे. आंगेलिकुस क्रॉप यांनी १९३०-३१ मध्ये काढलेल्या तीन खंडांना आजही वळसा घालता येत नाही, आणि ते जर्मनमध्येच आहेत.

कोश वॉल्टर क्रम (Crum) यांचा, १९३९ साली पुरा झालेला. त्यात शब्द स्वरांवर नाही, व्यंजनांच्या सांगाड्यावर लावलेले आहेत, म्हणजे आधी शब्दातले स्वर मनातल्या मनात गाळायचे आणि मग शोधायचं. आठवडाभरात हाताला सवय होते. खरी मेख वेगळी आहे. मंत्रांमध्ये दर चार-पाच शब्दांमागे एखादा ग्रीक शब्द येतो आणि क्रम यांनी ग्रीक शब्द कोशात घेतलेलेच नाहीत. तेव्हा शब्द सापडला नाही म्हणून तो गूढ मंत्राक्षर आहे असं ठरवू नका. इंटरनेटवर कॉप्टिक डिक्शनरी ऑनलाइन नावाचा फुकट कोश आहे, त्यात ग्रीक शब्दही आहेत. तिथेही न मिळाला तर अक्षरं बदलून बघा. इजिप्शियन कानाला द आणि त, ग आणि क यांतला फरक फारसा जाणवत नसे, आणि ग्रीकमधले तीन-चार वेगवेगळे स्वर सगळे ‘इ’ असेच ऐकू येत. लिहिणाऱ्याने कानाला आलं तसं लिहिलंय. त ऐवजी द, क ऐवजी ग, इ च्या जागी ग्रीक एटा घालून पाहिलं की निम्मे ‘गूढ’ शब्द साधे निघतात.

संगणकाचं एक सांगते, कारण यात लोकांचे तासन् तास जातात. युनिकोडमध्ये कॉप्टिकला स्वतःची जागा २००५ मध्ये मिळाली. त्याआधी ती ग्रीकमध्येच धरलेली होती, आणि डेमोटिकवरून आलेली ती सहा-सात अक्षरं आजही जुन्याच ग्रीक गटात बसलेली आहेत. त्यामुळे जुन्या पीडीएफमधून शब्द उचलून कोशात टाकलात तर डोळ्यांना तंतोतंत तेच अक्षर दिसतं आणि शोध कोरा येतो, कारण आतून ते ग्रीक असतं. शब्द स्वतः टाइप करा. अँटिनू नावाचा फाँट फुकट आहे, अक्षरांवरच्या आडव्या रेघाही त्यात नीट बसतात.

कागद निवडणं

पहिला कागद असा निवडा की ज्याचा चांगला फोटो उपलब्ध आहे आणि जो आधी कुणीतरी छापलेला आहे. अप्रकाशित काहीतरी शोधून नाव कमवायची घाई असते, ती मलाही कळते, पण उत्तरपत्रिका तपासायला कुणीतरी हवं. जर्मनीत व्युर्त्सबुर्ग विद्यापीठात कोर्शी डोसू यांच्या नेतृत्वाखाली २०१८ पासून फक्त कॉप्टिक मंत्रांवर प्रकल्प चालला. त्यातून किप्रियानोस नावाचा डेटाबेस उभा राहिला आणि २०२३ मध्ये डोसू आणि मार्केता प्राइनिंगर यांनी मंत्रवह्यांचा पहिला खंड काढला. डेटाबेस सगळ्यांना खुला आहे. किप्रियानोस म्हणजे अँटिऑकचा सिप्रियन. आधी मांत्रिक, नंतर संत, अशी त्याची आख्यायिका. त्याच्या नावाचा एक वशीकरणाचा मंत्र हायडेलबर्गच्या संग्रहात आहे.

एकाच कागदाला चार-पाच नावं असतात: म्युझियमचा क्रमांक, जुन्या छापील खंडातला क्रमांक, भाषांतराच्या पुस्तकातला क्रमांक, लूव्हनच्या ट्रिसमेगिस्टोस यादीतला क्रमांक. पहिल्या दिवशी हे सगळे एका ओळीत लिहून भिंतीला चिकटवा. नाहीतर दोन लेखांमधले दोन मंत्र वेगळे समजून तुलना कराल आणि तो एकच कागद निघेल.

माझ्या मते सुरुवातीला बर्लिनचा पी ८३१३ घ्यावा. साधारण आठव्या शतकातला मानला जाणारा पपायरस. भाषा सोपी, गोष्ट मजेदार. पुढची उदाहरणं त्याचीच देते.

आधी वस्तू बघा

फोटो उघडल्यावर वाचू नका. एक अक्षरसुद्धा. लांबी-रुंदी टिपा. पपायरसचे धागे आडवे की उभे, लिखाण कुठल्या बाजूला, मागे काय आहे ते बघा. मागे हिशोब किंवा अरबी पत्र असेल तर तुमचं नशीब, त्यावरून काळाचा अंदाज लागतो. मग घड्या. ताईत गुंडाळून किंवा दुमडून गळ्यात बांधलेला असतो. गुंडाळलेल्या कागदाच्या घड्यांमधलं अंतर एका टोकाकडे कमी कमी होत जातं. ते टोक आत होतं. किडीची भोकं किंवा फाटलेले कोपरे एकाच आकाराचे पुन्हा पुन्हा दिसले, तर ते भोक सगळ्या थरांतून आरपार गेलेलं आहे. सपाट राहिलेल्या पानावर हे काहीच दिसत नाही. तिथे कडेला शिलाईच्या खुणा शोधा, वही असण्याची शक्यता असते.

शक्य असेल तर संग्रहाकडे इन्फ्रारेड फोटो मागा. काजळीची शाई त्यात ठसठशीत दिसते, काळ्या पडलेल्या चामड्यावरसुद्धा. साध्या फोटोत स्पष्ट असलेलं लिखाण इन्फ्रारेडमध्ये पुसट झालं तर शाई लोहयुक्त असण्याचा संशय घ्या. चामड्याचं म्हणाल तर ब्रिटिश म्युझियममधले ‘हे’ (Hay) संग्रहातले मंत्र आवर्जून बघा. रॉबर्ट हे (Hay) या स्कॉटिश प्रवाशाने एकोणिसाव्या शतकात जमवलेले चामड्याचे तुकडे, आणि २०२२ च्या त्यांच्या प्रकाशनात कातडं कशाचं, शाई कसली, डागडुजी कशी केली यावर मजकुराइतकीच मेहनत घेतलेली आहे.

हे सगळं कशासाठी, तर एका प्रश्नासाठी: समोरचा कागद कृतीची वही आहे की प्रत्यक्ष वापरलेला ताईत? बाकी सगळा अर्थ यावर उभा राहतो. वहीत माणसाचं नाव नसतं. आपल्याकडे संकल्पात गुरुजी ‘अमुकगोत्रोत्पन्नः अमुकः’ म्हणून थांबतात आणि तुमचं नाव घालतात, तशी मोकळी जागा इथेही असते. तिथे ग्रीक ‘देइना’ या शब्दाचं आखूड रूप, बहुतेक वेळा दोनदा लागोपाठ: अमका, अमकीचा मुलगा. वापरलेल्या कागदात तिथे खरी नावं असतात, आणि ती बापाच्या नाही, आईच्या नावाने. तेव्हा मजकूर कळण्याआधीच पानभर फक्त ‘देइना’ची खूण शोधत जा. पी ८३१३ मध्ये ती सापडते, म्हणजे ती वहीतली कृती. कधी कधी मात्र नक्कल करणाऱ्याने डोळे मिटून ‘देइना’सकट ताईत लिहून दिलेला असतो. घड्या ताईताच्या आणि मजकूर वहीचा असं दिसलं तर गोंधळू नका. बिचाऱ्या गिऱ्हाइकाला काय, वाचता येत नव्हतं.

अक्षरं उतरवणं

कॉप्टिकमध्ये दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. मोडीवाल्यांना हे सांगायला नको. पण इतरांना सांगते, पहिल्यांदा उतरवताना शब्द तोडू नका. कागदावरची ओळ तेवढीच तुमची ओळ, शेवटचं अक्षर अर्ध्या शब्दावर संपलं तरी तिथेच संपवा. शब्द तोडायला लागलं की डोळा अक्षर बघायचं सोडून अंदाज बघायला लागतो. खुणा ठरलेल्या आहेत, लायडनला १९३१ मध्ये ठरल्या, सगळे त्याच वापरतात: फाटून गेलेल्या भागाला चौकोनी कंस, संशयाच्या अक्षराखाली टिंब, लिहिणाऱ्याने गाळलेलं तुम्ही घातलंत तर कोनी कंस. टिंबाच्या बाबतीत हात सैल ठेवा. अक्षराचा फक्त पाय दिसतोय आणि शब्द कळलाय म्हणून टिंब टाळणं म्हणजे पुढच्या माणसाला फसवणं.

ज्या खुणांच्या टोकांना बारीक गोळे आहेत त्या अक्षरं नाहीत. त्या वाचायच्या नसतात, त्यांची चित्रं काढायची. स्वरांच्या रांगा, सात ग्रीक स्वर एकेकदा, मग दोनदा, मग तीनदा असे त्रिकोण करत गेलेल्या असतात. तिथे मोजा. एक कमी भरला तर तो कमीच उतरवा, सुधारू नका. नावांची साखळी उलटसुलट दोन्हीकडून सारखी वाचता येते का तेही बघा. ‘अब्लानाथानाल्बा’ हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. मधलंच अक्षर फाटलं असेल तर दुसऱ्या अर्ध्यावरून भरून काढता येतं, अशी सोय नेहमी मिळत नाही.

आकडेही असेच. ग्रीक अक्षरांना किमती आहेत. ‘आमेन’ म्हणजे १, ४०, ८ आणि ५०, बेरीज ९९. म्हणून प्रार्थनेच्या शेवटी ‘आमेन’ऐवजी नुसतं ९९ ची दोन अक्षरं येतात. ‘अब्रासाक्स’ या मंत्रांतल्या नावाची बेरीज ३६५. एखादं दोन-तीन अक्षरांचं चिटुकलं कुठेच बसत नसेल तर त्यावर आडवी रेघ आहे का बघा. रेघ असेल तर आधी बेरीज करून पाहा किंवा ते पवित्र नावाचं आखूड रूप आहे का ते तपासा. येशूचं नाव जवळजवळ नेहमी असंच दोन अक्षरांत येतं.

आता अर्थ

पी ८३१३ मधली पोटदुखीची गोष्ट अशी. इजिप्तची जुनी देवी इसिस, तिचा मुलगा होरस डोंगरावर गेला, जाळी लावली, पक्षी धरला. सुरीशिवाय कापला, विस्तवाशिवाय शिजवला, मिठाशिवाय खाल्ला. बेंबीभोवती कळा सुरू झाल्या, तो रडायला लागला आणि आईला निरोप धाडायला त्याला कुणी भूत हवं झालं. पहिलं भूत आलं, नाव अग्रिप्पास. जायला किती वेळ? दोन तास जायला, दोन यायला. नको, जा. दुसरं आलं, तेही अग्रिप्पास, एक तास जायला, एक यायला. तेही नको. तिसरा अग्रिप्पास एका डोळ्याचा, एका हाताचा. तो म्हणाला, तुझ्या तोंडाच्या श्वासाबरोबर जाईन आणि नाकाच्या श्वासाबरोबर परत येईन. तो गेला. हेलिओपोलिसच्या डोंगरावर इसिस डोक्यावर लोखंडी मुकुट घालून तांब्याची भट्टी पेटवत होती. तिने उतारा सांगितला: सूर्याला पश्चिमेला आणि चंद्राला पूर्वेला नेणारं माझं खरं नाव तुला सापडलं नाही तरी चालेल, बेंबीभोवतालच्या तीनशे नाड्यांना हाक मार, अमकीच्या अमक्या लेकराच्या पोटातली सगळी दुखणी या क्षणी थांबोत. आणि लगेच पुढे: हाक मारणारा मी, बरं करणारा प्रभू येशू.

इथे बहुतेक जण घसरतात. एक गट म्हणतो, बघा, बाहेरून ख्रिस्ती आणि आतून जुना धर्म. दुसरा म्हणतो, येशूचं नाव मागाहून चिकटवलंय. दोन्ही वाक्यं लिहायला सोपी आहेत आणि दोन्हीला या कागदात आधार नाही. पोट दुखणाऱ्याला यात विसंगती वाटत होती याचा काही पुरावा आहे का, एवढाच प्रश्न विचारा. मग तुलना करा. आजारी होरस आणि त्याला बरी करणारी आई ही जोडी फार जुनी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधली मेटर्निख शिळा फेरो नेक्टानेबो दुसऱ्याच्या काळातली, इसवी सनपूर्व चौथं शतक, तिच्यावर विंचू चावलेला होरस आणि मदतीला धावणारी इसिस आहे. मधे हजारभर वर्षं आहेत. गोष्ट त्या हजार वर्षांतून कशी आली, तोंडी की लेखी, हे एका कागदावरून कुणी छातीठोक सांगत असेल तर मी त्याच्या पुस्तकाचं पुढचं पान उलटत नाही.

त्याउलट तापाच्या ताइतात जुने देव क्वचित, आणि बायबलमधले, बॅबिलोनच्या भट्टीतून न जळता बाहेर आलेले तीन तरुण पुन्हा पुन्हा. कारण उघड आहे, अंगाची आग. म्हणजे लिहिणारा दुखण्याप्रमाणे गोष्ट निवडत होता. असे कागद पाच-सहा शेजारी ठेवा आणि कुठल्या दुखण्याला कुठली गोष्ट याचा तक्ता करा. अर्थ लावायचा तर या तक्त्यावरून. एकेकट्या मंत्रावर भाष्य केलं की ते भाष्य करणाऱ्याबद्दलच जास्त सांगतं.

काळ लिहिताना शतक लिहा, जमल्यास दोन शतकं, वर्ष कधीच नाही. अक्षराच्या वळणावरून यापेक्षा बारीक सांगता येत नाही. कार्बन चाचणीवरही फार भिस्त ठेवू नका. २०१२ मध्ये येशूच्या बायकोचा उल्लेख असलेला एक कॉप्टिक तुकडा गाजला. चाचणीत पपायरस जुना निघाला, आणि तरी लिखाण बनावट होतं, कारण जुना कोरा तुकडा मिळवणं अवघड नाही. पकडलं गेलं ते कशावरून? त्याच हाताने लिहिलेल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तुकड्यात ओळी जिथे तुटत होत्या, त्या १९२४ च्या छापील आवृत्तीतल्या ओळींशी जुळत होत्या. ओळी आहेत तशा उतरवा असं वर बजावलं, त्याचा उपयोग असाही होतो.

कागद आला कुठून हेही तुमच्या टिपणात पाहिजे. कुणाकडून, कोणत्या साली विकत घेतला. सिडनीच्या मॅक्वेरी विद्यापीठातली वीस पानी चर्मपत्राची मंत्रवही घ्या, २०१४ च्या सुमारास तिच्या प्रकाशनाची बरीच बातमी झाली होती. ती १९८१ मध्ये व्हिएन्नाच्या एका विक्रेत्याकडून घेतलेली, त्याआधी ती कुठे होती ते ठाऊक नाही. इजिप्तने पुराणवस्तूंचा व्यापार १९८३ च्या कायद्याने बंद केला. पुराणवस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा १९७० चा युनेस्को करार त्याआधीचा. ऑनलाइन लिलावात ‘आजोबांच्या संग्रहातला कॉप्टिक मंत्र’ दिसला तर घेऊ नका आणि फुकट वाचूनही देऊ नका. तुमचं वाचन जोडलं की त्याची किंमत वाढते. मोडीतही हेच चालतं, जुन्या कागदाचं वाचन करून घ्यायचं आणि मग विकायचा. मी दारातूनच परत पाठवते.

शेवटी, तुमचं वाचन छापील वाचनाशी ओळीओळीने ताडून बघा. चारपैकी तीन ठिकाणी संपादकच बरोबर असतो. उरलेल्या ठिकाणी तुमचं अक्षर फोटोत खरंच दिसत असेल, तर त्या भागाचा मोठा केलेला फोटो, ओळ क्रमांक, छापील वाचन आणि तुमचं वाचन असं एका पानात बसवा आणि संग्रहाच्या क्युरेटरला किंवा डेटाबेसवाल्यांना पाठवा. स्वतःची ओळख दोन ओळींत, कौतुक नको, मोठे सिद्धान्त तर मुळीच नकोत. एका अक्षराची दुरुस्ती हे लोक आनंदाने घेतात आणि उत्तरही देतात. फोटो कुठे छापायचा असेल तर परवानगी त्याच पत्रात मागा, नंतर मागायला गेलं की दोन महिने जातात. तोवर पुढचा कागद उघडा. या वेळी ताईत घ्या, नावासकट.